आंबेखोलचं लाल पाणी

१

त्या सकाळी आंबेखोलच्या नळांना लाल पाणी आलं, पण कोणी दचकलं नाही.

पेडणे तालुक्यातल्या या गावाला लाल पाण्याची सवय झाली होती. गावामागचा डोंगर व्हिलांसाठी कापायला घेतल्यापासून वरच्या झऱ्याच्या टाकीत माती उतरायची. बायका नळाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायच्या, पाण्यात तुरटी फिरवायच्या आणि कामाला लागायच्या. गंगा परबनेही तेच केलं. सातेरीच्या देवळातून परत आल्यावर तिने चहा टाकला, उभ्याउभ्याच प्याली आणि दुसरी बालदी नळाखाली ठेवली. धार बारीक झाली, म्हणून तिने फडकं सोडून पाहिलं.

फडक्यात केसांचा पुंजका होता. केसांना कातडी चिकटलेली होती.

तिच्या किंकाळीने वाडा जमला. माणसं डोंगराच्या वाटेने टाकीकडे धावली आणि त्यांनी लोखंडी झाकण सरकवलं. आत गुरुदास परब होता, गंगाचा नवरा. मान मागून निम्मी तुटली होती, कवटीचा एक भाग फुटला होता. पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं आणि डोळे उघडे होते. सगळा गाव रात्रभर साठलेलं तेच पाणी सकाळी प्याला होता. कोणीतरी तिथेच वांती केली.

गुरुदास कोण होता हे आंबेखोलमध्ये सांगावं लागत नसे. गावातून जाणाऱ्या एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेचे टँकर चालत. मांद्र्याच्या किनाऱ्यावर हॉटेलं वाढत वाढत शहराएवढी वस्ती झाली होती. तिला गटारंही पुरत नव्हती आणि पाणीही. त्यामुळे एक टँकर गावचं गोडं पाणी भरून खाली जायचा आणि दुसरा हॉटेलांच्या संडासांची घाण भरून वर यायचा आणि ओहोळात सोडायचा. या दोन्हींच्या आड आणि डोंगर कापणाऱ्यांच्या आड गावात एकच माणूस ठामपणे उभा राहिला होता.

आणि टाकीपासून दोन वळणं खाली घाणीचा एक टँकर चिखलात रुतलेला लोकांना दिसला. केबिनमध्ये ड्रायव्हर झोपला होता.

लोकांनी त्याला काच फोडून बाहेर ओढलं. बाहेर येताना काचेने त्याचा दंड उभा फाटला. त्यानंतर काठ्या, दगड, चपला. गावातल्या चौकीचा हवालदार रुद्रेश पोचला तेव्हा एकजण त्याच्या तोंडावर उभा होता. रुद्रेशने ड्रायव्हरला खांद्यावर टाकलं, पंचायतीच्या हॉलमध्ये आणलं, आतून कडी घातली आणि पेडण्याला फोन लावला.

उपनिरीक्षक सुविधा गावस आधी टाकीवर गेली. प्रेत बाहेर काढून तिने स्वतः पाहिलं, खिसे तपासले, मग जीप घेऊन पंचायतीकडे आली. ती पोचताच मागे करवत चालली आणि एक मोठा मटीचा वृक्ष रस्त्यावर आडवा पडला. तिच्या मदतीला येणारी पोलीस गाडी झाडापलीकडे अडकली.

हॉलसमोर शेदीडशे माणसं होती. पुढे गुरुदासचा थोरला चुलतभाऊ महादेव परब. गावचा मानकरी, पांढऱ्या मिशांचा, शांत आवाजाचा. उजव्या हातात वेळूचा दांडा घट्ट धरला होता. दांड्याच्या टोकाला रक्त होतं. कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी होती, ती रिकामी.

"मॅडम, तुमी चांगल्या माणसाची लेक दिसतात," तो म्हणाला. "तो ड्रायव्हर आमकां द्या."

"आणि नाही दिला तर?"

महादेवने मागे पाहिलं. दोघा तरुणांच्या हातात पेट्रोलचे कॅन होते.

"सूर्य त्या माडाच्या शेंड्याखाली येईसर थांबतंव," महादेव म्हणाला. "मगे जनेलातसून पेट्रोल आत वततलंव आणि काडी लावतलंव."

२

ड्रायव्हरचं नाव संदीप. बांद्याकडचा, सिंधुदुर्गातला. तो हॉलच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. उजवा डोळा बटाट्याएवढा सुजून मिटला होता आणि त्यातून पाणी नव्हे, काहीतरी दाट वाहत होतं. रुद्रेशने आपल्या शर्टाची बाही फाडून त्याचा दंड बांधला होता.

"घाण सोडलंय, मॅडम. खोटा कित्याक सांगू?" तो म्हणाला. "मालक सांगता, थंय सोडतंय. पण माणूस नाय मारलंय."

"काल काय झालं? सावकाश सांग. घाई करू नकोस."

"तिनीसांजा पाईप लावलंय. मागचा चाक रुतला. तेवढ्यात ते गुरुदास इले. माझ्या थोबाडात दोन मारल्यानी. मी मार खाल्लंय, चूक माझी होती. मगे टँकराची चावी काढून खिशात टाकल्यानी. म्हणाले, सकाळी ग्रामसभेत सगळ्यांच्या समोर देतंय, थंय येऊन घे."

"मग?"

"मगे वर टाकीकडे गेले. जाताना म्हणाले, आधी माझ्या घरातली घाण काढतंय, मगे तुझी." संदीपने उघडा होता तो डोळाही मिटला. "थोड्या वेळान वर भांडाण आयकाक इला. दोन आवाज. एक गुरुदासांचो. दुसरो बारीक, समजलो नाय. मगे काय नाय. मी भियालंय. काच वर करून बसलंय."

"पळून का गेला नाहीस?"

"टँकर सोडून? मालक माका जिवंत ठेवतलो?"

रुद्रेश कुजबुजला, "मॅडम, बाहेरचे म्हणतील, चावीसाठी यानेच तोडला."

सुविधाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक ओली चावी होती.

"ही गुरुदासच्या पँटच्या खिशात मिळाली. आता तूच सांग, रुद्रेश. चावीसाठी माणूस मारला, तर चावी प्रेताच्या खिशात ठेवून कोण झोपी जाईल?"

रुद्रेश चावीकडे बघत राहिला. "म्हणजे हा नाही."

"हा नाही. पण बाहेर हे सांगितलं तर ते म्हणतील, पोलिसांनीच चावी खिशात घातली. त्यांना 'हा नाही' ऐकून समाधान व्हायचं नाही. 'तो' कोण, ते सांगावं लागेल."

एक दगड खिडकीची काच फोडून आत आला आणि संदीपच्या पायाशी पडला. माडाचा शेंडा आणि सूर्य यांच्यात हातभर आकाश उरलं होतं.

३

सदाशिव गर्दीच्या कडेला बिडी ओढत उभा होता. गोडं पाणी खाली नेणारे टँकर त्याचे. गुरुदासच्या तक्रारीने त्याची एक विहीर महिन्याभरापूर्वी बंद झाली होती. सुविधा त्याच्याकडे निघाली तशी लोकांनी वाट दिली. कोणीतरी ओरडलं, "तेका विचार! तेच्या घरात आज नळ सोडूकच नाय!"

"खरं आहे?" सुविधाने विचारलं.

"खरा," सदाशिव म्हणाला. "माझ्या बायलेन आज नळाचा पाणी घेतला नाय. कालय नाय. दोन वर्सां नाय. घरात बांय आसा, मॅडम. विहिरीचो मालक नळाखाली बालदी घेऊन बसतलो?"

"गुरुदास मेल्याने तुमचा फायदाच झाला."

"जालो. पेढे वाटू?" तो हसला, मग हसू गिळलं. "काल सांजेक मी मांद्र्यात होतंय, गेस्ट हाउसाची टाकी भरीत. थंयची माणसां सांगतली. मी लबाड आसंय. पण पाण्यात मडं घालणारो नाय. पाण्यारच माझा घर चलता."

ते पटण्यासारखं होतं, पण पुरावा नव्हता. घाणेरड्या नळामुळे त्याचा धंदा वाढलाच असता. सुविधाने मनात नोंद केली आणि दुसरा प्रश्न विचारला.

"गुरुदास जाताना म्हणाला होता, आधी माझ्या घरातली घाण काढतो. कुठली घाण?"

सदाशिवने बिडी पायाखाली चुरगळली.

"तुमी डिचोलीकडच्या मां? कारापूरच्या?"

"हो."

"मगे भावकेची जमीन म्हणजे काय, ता तुमकां समजाक होया. तो डोंगर सरकारचो नाय. परबांच्या भावकेचो आसा, सगळ्यांचो एकत्र. भावकेतल्या कोणी आतसून होकार दिल्याशिवाय मशीन वर चडात?" त्याने गर्दीकडे हनुवटी उडवली. "सगळे मोर्च्यात पुढे. सगळे 'डोंगर वाचवा'. मगे दार उघडल्यान कोणी?"

"कोणी?"

"माका म्हायत असता तर मीच आधी तेच्या व्हिलांक पाणी विकलंय असतंय," सदाशिव म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

गर्दीतली परबांची माणसं सुविधाने एकेक करून पाहिली. चुलते, पुतणे, भाऊ. सगळे रडलेले, सगळ्यांच्या हातात काहीतरी. एवढ्यांतून एकाला वेगळं कसं काढायचं?

४

सातेरीचं देऊळ पंचायतीच्या समोरच होतं. दार बंद होतं आणि पायरीवर अनंत गुरव एकटाच बसला होता. सुविधाला तोंडावर पाणी मारायचं होतं. तिने देवळाच्या विहिरीची दोरी धरली.

"खुशाल घ्या, बाय. ह्या पाणी स्वच्छ आसा," अनंत म्हणाला. "देवूळ तेवढा बंद. गावात मडं आसा. भायर काढीसर देवीक दिवो नाय, नैवेद्य नाय."

"सकाळी तर पूजा झाली ना? गंगाबाई देवळातून आली होती म्हणतात."

"सगळे इल्ले! आज ग्रामसभा, डोंगराचो निकाल लागाचो. म्हणान सकाळी देवीक गाऱ्हाणा घातला. परबांची सगळी भावकी होती. गंगावयनीन हातान आबोलीची माळ देवीक घातली. घोव फोंड्याक बहिणीकडे जातंय सांगान गेल्लो, तो टाकयेत मरान पडलेलो, आणि ती कुंकू लावन माळ घालता!"

"मग परबांना सुतक असताना देवळात सगळे आले. त्याचा दोष?"

"दोष कसलो? तेंकां खबर खंय होती? सुतक खबर लागल्यापासून. कळला नाय, तर लागला नाय. माझ्या आजापासून हाच नियम."

सुविधाने तोंड पुसलं. गाऱ्हाण्याची पद्धत तिला माहीत होती. गावच्या मानकऱ्याने गाभाऱ्यासमोर नारळ दोन्ही हातांत धरायचा आणि गुरवाने देवीला साकडं घालायचं.

"नारळ महादेवने धरला असेल."

"दर खेपेक तोच. आज मात्र माका धरूक लायल्यान. हाताक फडका बांधून इल्लो. कोयतो लागलो म्हणालो. रगत येता तेणां नारळ धरूचो नसता, ता बराबर."

"मग तो शेजारी उभा राहिला?"

"नाय. दीपमाळेकडे राव्हलो, भायर. पायरी चडूक नाय."

"तीर्थ?"

"मी पळी घेऊन भायर गेलंय, दुसऱ्या हातार घे म्हटला. लांबसूनच नको केल्यान. जीव बरो नाय म्हणालो." अनंत थांबला. बोलता बोलता त्याच्या कपाळावर आठी उमटली होती, जणू आपलंच बोलणं तो पहिल्यांदा ऐकत होता.

"अनंतदादा, फडकं कुठल्या हाताला होतं?"

"उजव्या."

सुविधाने पंचायतीकडे पाहिलं. महादेव परब वेळूच्या दांड्याने हॉलचं दार ठोठावत होता. हात उजवा होता आणि त्यावर फडकं नव्हतं.

सूर्य माडाच्या शेंड्याला टेकला होता. उघडलेल्या कॅनमधल्या पेट्रोलचा वास इथपर्यंत आला.

५

ती धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. पेट्रोल तिच्या पायांपर्यंत ओघळलं होतं.

"काडी लावायची तर लावा," ती म्हणाली. "पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आज सकाळी परबांपैकी कोण कोण देवळात गेलं होतं? हात वर करा."

प्रश्न इतका अनपेक्षित होता की गर्दी गप्प झाली. एक हात वर आला. मग दुसरा. गंगा मागे दोघी बायकांच्या आधाराने उभी होती, तिनेही हात उचलला. बघता बघता परबांचे सगळे हात वर झाले.

"तुम्ही तीर्थ घेतलं?"

"घेतला."

"सुतकात देवळात गेलात, तीर्थ घेतलं. लाज नाही वाटली?"

"आमकां खबर नव्हती!" एक पुतण्या चिडून ओरडला. "खबर लागल्यापासून सुतक!"

"बरोबर. ज्याला खबर नव्हती, तो आत गेला. मग महादेवदादा, तुम्ही का नाही गेलात?"

महादेव हलला नाही. "हाताक लागला होता."

"हाताला लागलं म्हणून नारळ धरला नाही, ठीक आहे. पायाला काय लागलं होतं? पायरी का चढला नाहीत? डावा हात चांगला होता, त्यावर तीर्थ का घेतलं नाहीत?" ती एक पाऊल पुढे आली. "आणि तो उजवा हात दाखवा. सगळ्यांना दाखवा. सकाळी देवळात रक्त येत होतं आणि थोड्याच वेळात त्याच हाताने तुम्ही या पोराचा डोळा फोडलात."

"दाखय, म्हादेवा," मागून अनंतचा आवाज आला. तो देवळातून चालत आला होता.

महादेवने दांडा टाकला नाही. पण त्याच्या शेजारच्या पुतण्याने त्याचं मनगट धरलं आणि बोटं उघडली. तळवा, बोटं, मनगट. एक ओरखडासुद्धा नव्हता.

"गुरुदास घरी सांगून गेला होता की फोंड्याला बहिणीकडे जातो. म्हणून कोणी शोधलं नाही," सुविधा म्हणाली. "तो मेलाय हे सकाळी देवळात एकाच माणसाला माहीत होतं. त्याला सुतक लागलं होतं, आणि ते मोडायची त्याची हिंमत झाली नाही. भावाची मान तोडायची झाली. गुरुदास काल कोणाला तरी गाठायला टाकीवर गेला होता, घरातली घाण काढायला. डोंगराला आतून होकार देणारा त्याला सापडला होता. आज ग्रामसभेत तो नाव घेणार होता. तुमच्या कमरेची आकडी रिकामी आहे, दादा. टाकी उपसली की कोयता मिळेल."

महादेवचे ओठ हलले. आवाज बारीक होता.

"मी तेका हात जोडले," तो म्हणाला. "म्हटला, माझा नाव घेव नको, गावात माका मान आसा. तो म्हणालो, म्हणानच सगळ्यांच्या समोर घेतलंय. आणि पाठ फिरयल्यान. पाठ फिरयली नसती, तर…"

गंगा पुढे आली. तिच्या कपाळावर सकाळचं कुंकू अजून होतं, ते पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"दादानू, मी सकाळी तुमच्या बाजूसून चलत देवळात गेलंय. तुमी दीपमाळेकडे उभे होते. माझ्या हातात आबोली होती. तुमी माका बघितल्यात."

तो खाली बघत राहिला.

"तुमकां तुमचा सुतक पाळूक सुचला. माका थांबय म्हणूक सुचूक नाय? मगे मी घरी गेलंय. नळ सोडलंय." तिचा आवाज फाटला. "चाय केलंय, दादानू. तुमी देवीक तेवढी जपल्यात. आणि माका माझ्या घोवाच्या रक्ताची चाय पिऊक दिल्यात!"

पहिला दगड कोणी मारला ते कळलं नाही. तो महादेवच्या कानशिलावर लागला आणि तो गुडघ्यांवर आला. दुसरा दातांवर. ज्या पुतण्याने मनगट धरलं होतं त्यानेच आता केस धरले आणि त्याचं डोकं पेट्रोलने ओल्या पायरीवर आपटलं. कोणीतरी काडी ओढली. सुविधाने ती पेटती काडी मुठीत धरून विझवली, पुतण्याच्या छातीवर लाथ घातली आणि महादेवला बगलेत धरून दाराकडे खेचलं.

"रुद्रेश, कडी काढ!"

"मॅडम, दोघांना एकाच खोलीत?"

"कडी काढ!"

पण दार आणि गर्दी यांच्यात गंगा येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"पुरे," ती म्हणाली. "आज आंबेखोलात दुसरा मडं पडाचा नाय. माझो माणूस भायर काढूचो आसा. जा, रस्त्यावरचा झाड काढा. तुमीच घातल्यात ना?"

कोणी हललं नाही. मग मागे कुठेतरी सदाशिव म्हणाला, "करवत खंय आसा रे?" आणि माणसं एकेक करून वळली.

६

झाड निघालं तेव्हा पलीकडची गाडी आत आली. तिला टाकीवर प्रेतापाशी थांबवून सुविधाने दोघांना आपल्याच जीपमध्ये घातलं. संदीपला हॉस्पिटल, महादेवला कोठडी. जीप सुरू होण्याआधी संदीपने विचारलं, "माझा काय होतला?"

"डोळ्याचं डॉक्टर सांगतील. खुनाचं तुझ्यावर काही नाही," सुविधा म्हणाली. "ओहोळात घाण सोडल्याचं आहे. ते मात्र मी लावणार, तुझ्यावर आणि तुझ्या मालकावर. ज्यांनी तुला मारलं त्यांच्यावरही."

संदीपने मान हलवली.

जीप वळून देवळासमोर आली. दार बंद होतं, दीपमाळ काळोखी होती. संदीप या गावचा नव्हता, देवीही त्याची नव्हती, तरी त्याने दंडाला फडकं बांधलेला हात दुसऱ्या हाताला लावला आणि फुटक्या चेहऱ्याने नमस्कार केला. त्याच्या शेजारी महादेवनेही सवयीने बेड्या घातलेले हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि तिथे थांबले.

मग त्याला सुतक आठवलं, आणि त्याने ते तसेच, न जोडता, मांडीवर ठेवले.